एएमएच आणि आमची झाशीची लॅब

लॅबमध्ये माणसं रक्त देऊन जातात आणि जाता जाता किस्साही ठेवून जातात. रक्त तपासून संपतं, किस्से मात्र साठत जातात! नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे मी झाशीत आले आणि इथल्या एका लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट म्हणून लागले. सगळ्यात जास्त किस्से एकाच तपासणीचे, एएमएचचे. बाईच्या अंडाशयात बीजांचा साठा साधारण किती उरलाय, ते रक्तातल्या या प्रथिनावरून कळतं.

*

बबिन्याच्या लष्करी छावणीतून एक हवालदार बायकोला घेऊन आले. मूळचे साताऱ्याचे.

"मॅडम, म्हणजे दारूगोळा किती शिल्लक, तेच ना?"

"तसंच समजा. कमी आहे. उशीर करू नका."

"मग सुट्टीचा अर्ज आजच टाकतो!"

बायको म्हणाली, "मी सुट्टी घ्या म्हणत होते, तेव्हा म्हणे सरहद्द ओस पडत होती!"

*

चिरगाँवच्या एका शिक्षिकेचा रिपोर्ट कमी आला. नवऱ्याने विचारलं, "कितने नंबर से फेल हुई?"

"भैया, ये परीक्षा नहीं है. बीज एक भी काफी होता है."

ती नवऱ्याकडे वळली. "सुन लिया? आप भी एक ही से निकले थे!"

*

गणपतीत रेल्वे कॉलनीतल्या देशपांडेकाकूंनी विचारलं, "हे एएमएच असतं तरी काय गं?"

मी सांगितलं, "गर्भाशय ज्या नळ्यांपासून बनतं, त्या सुरुवातीला मुलगा-मुलगी दोघांच्याही गर्भात असतात. मुलाच्या गर्भात हे प्रथिन तयार होतं आणि त्या नळ्या नाहीशा करतं. मुलीच्या गर्भात तेव्हा ते नसतं, म्हणून तिचं गर्भाशय घडतं."

"म्हणजे पुरुष घडवायला देवालाही खोडरबर लागतं!"

काकांनी मुकाट्याने दुसरा मोदक उचलला.

*

एकदा हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये निघालेला तुकडा माझ्याकडे आला. मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर चक्क गर्भाशय! नाव मात्र पुरुषाचं. मी सर्जनना फोन केला, "सर, सॅम्पल बदल गया है."

"नहीं मॅडम, मैंने अपने हाथ से निकाला है."

तो मऊरानीपूरचा धान्याचा व्यापारी. आईच्या पोटात असताना एएमएचने त्याच्यात कामच केलं नव्हतं, म्हणून गर्भाशय घडलं. वृषणंही पोटातच अडकलेली. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. त्याच्या आईने सुनेला वैद्य, बाबा, सोनोग्राफी, सगळीकडे फिरवलं होतं. आता त्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होती.

सर्जननी समजावून सांगायला मला बोलावलं. व्यापाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अम्मा को बुला लीजिए. और इसको भी."

आई आणि बायको, दोघी आत आल्या. मी पुन्हा सगळं सांगितलं. मूल न होण्याचं कारण बहुधा त्याच्यातच आहे, हेही सांगितलं.

अम्मा पुटपुटली, "बच्चेदानी? हमाए लला के पेट में?"

सून भिंतीला टेकून उभी होती. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला.

"और अम्मा जी, इत्ते साल आप हमाई बच्चेदानी में खोट ढूँढती रहीं!"