जेलचा न कापलेला कोपरा

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या धाराशिवच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक. त्यात उद्या आमच्या दोघींच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. परीक्षक बाहेरून येणार, नापास झालं की वर्ष गेलं.

हुलग्यातली प्रथिनं आकारानं वेगळी करायची, तीही दोन पद्धतींनी, आणि त्यांची तुलना मांडायची. कॉलम मैत्रिणीकडं, जेल माझ्याकडं. कॉलममध्ये बारीक भोकांचे मणी भरलेले असतात. लहान प्रथिनं त्या भोकांत शिरत रेंगाळतात, मोठी बाहेरून सटकून आधीच्या नंबरच्या नळ्यांत पडतात. जेल म्हणजे दोन काचांमधला खळीसारखा पातळ थर; त्यात उलटं. विजेच्या ओढीनं लहान पुढं पळतात, मोठी वरच अडकतात. तिच्या नळ्यांतले नमुने माझ्या जेलच्या वरच्या खणांत डावीकडून ओळीनं भरून चालवले, की पहिल्या नळीचा पट्टा वर दिसायला हवा, शेवटच्या नळीचा खाली.

दिसलं नेमकं उलटं. हुलग्याचा अर्कही संपला होता, पुन्हा करून बघायची सोय नव्हती.

"नंबर उलटे टाकलेस ना नळ्यांवर? लक्ष कुठं असतं गं तुझं?" मी सगळ्यांदेखत ओरडले.

"अगं, मी दोनदा बघितले..." एवढंच बोलून ती निघाली. मॅडमना जाऊन "चूक माझीय" म्हणाली आणि दुपारच्या एसटीनं कळंबला घरी गेली.

मी धुसफुसतच रिपोर्टसाठी मोबाइलमधले फोटो शोधायला बसले. नमुने भरतानाच्या फोटोत जेलचा एक खण फाटलेला दिसत होता, उजव्या टोकाला. पट्टे दिसावेत म्हणून रंगात बुडवलेल्या जेलमध्ये तो डावीकडं होता. अगं बाई! काचेतून काढताना मी जेल पालथं टाकलं होतं, म्हणून रांग उलटी दिसली; तिचे नंबर बरोबरच होते. डावं-उजवं कळावं म्हणून तर जेलचा एक कोपरा आधी कापून ठेवतात. लाइट जाईल या धास्तीनं घाईत मी तो कापलाच नव्हता.

खोटं कशाला बोलू, तो फोटो पुसून टाकावा, असंही मनात आलं.

मग तिला फोन लावला. उचलला तिच्या आईनं.

"ती पडून हाय बाळा. जेवली न्हाय. उद्या येत न्हाय म्हणती. 'माझ्यामुळं तिचं वरीस गेलं' म्हणून लई रडाय लागली." काकूंचा आवाज बारीक झाला. "चुकलं असंल लेकराचं. माफ कर गं तिला."

"काकू, तिला उठवा," मी म्हणाले. "तिचं काहीच चुकलं नाही. चूक माझीय."