एबी टॉशचं पितळी माप

एबी टॉशला गावातल्या कोणाचाही वाढदिवस लक्षात राहत नाही, सख्ख्या बहिणीचासुद्धा नाही. पण कोणाच्या गोल्फच्या पिशवीत किती अंशांची वेज, म्हणजे जवळून चेंडू उंच उडवायची काठी, आहे, हे तो झोपेतही सांगेल. बेकरीत पुढे उभ्या असलेल्या माणसाला तो "काय, बावन्न कशी आहे?" असं विचारतो आणि तो माणूस बायकोची खुशाली सांगावी तसं उत्तर देतो.

आमच्या पिटकॅरन गावच्या गोल्फच्या माळावर, पहिला फटका मारतात त्या जागेशी माझं लाकडी खोपटं आहे. कोण किती वाजता खेळायला सुटणार याची यादी मी तिथे बसून सव्वीस वर्षं सांभाळतोय. एबीची शेड माझ्या पाठीला पाठ लावून असल्यामुळे तिथलं सगळं मला ऐकू येतं. नाही ऐकू आलं तर मी उठून जातो.

एबी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात फिटर होता. गोल्फच्या काठ्यांचं काम सासऱ्याकडून आलं आणि त्याबरोबर एक पितळी मापही आलं. काठीचं तोंड किती उताणं आहे ते त्यावर अंशांत दिसतं. तोंड जितकं उताणं, तितका चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. एबी काठी शिकंज्यात धरतो, लांब दांडा लावतो आणि काठीची मान थोडीशी वाकवतो. एका वेळी एकच अंश. मग माप लावतो, मग पुन्हा एक अंश.

कोणी आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "अठराव्या होलवर तू ओढ्याच्या अलीकडे पडतोस की ओढ्यात?" बाकी काही विचारायच्या आधी तो अख्खी पिशवी रिकामी करून एकेक काठी मोजतो. हल्ली कारखान्यांनी आयर्न, म्हणजे लोखंडी तोंडाच्या, काठ्यांची तोंडं सरळ करून ठेवलीत, चेंडू लांब गेला की दुकानात बढाई मारता येते म्हणून. त्यामुळे त्याच संचातली पिचिंग वेज आणि वाळूतून चेंडू काढायची, जास्त उताणी सँड वेज यांच्यात अंशांचं मोठं भगदाड पडतं. ते भरायला मधली वेज हवी. पण ती किती अंशांची, हे तुमच्या पिचिंग वेजवर ठरतं, जाहिरातीवर नाही.

एकदा निवृत्त हेडमास्तर बर्टी गौडी साठ अंशांची वेज घेऊन आले. टीव्हीवर कोणाकडे तरी पाहिली होती.

"ही कशाला?" एबीने विचारलं.

"चेंडू उंच जातो आणि जागीच थांबतो."

"उंच जातो हे खरं. पण आपल्या माळावरच्या वाऱ्यात वर गेलेलं काय परत येतं? तुमची टोपी अजून आली नाही."

हेडमास्तर ती वेज घेऊन घरी गेले. आता म्हणे त्यांच्या बायकोने वाटाण्याच्या वेलाला तिचा आधार दिलाय.

शेवटचा नियम दहा चेंडूंचा. वाकवलेल्या काठीने माळावर दहा चेंडू मारायचे, सगळ्यात चांगले दोन आणि सगळ्यात वाईट दोन सोडून द्यायचे, उरलेले सहा कुठे पडले ते एबी स्वतः पावलं टाकून मोजणार. त्याशिवाय काठी पिशवीत जात नाही. लोक कंटाळायचे. मला मात्र एबीची ही पद्धत आवडायची, कारण ज्याला खेळता येत नाही तो काठीला नावं ठेवतो, हे माझं जुनं मत. नाचता येईना अंगण वाकडं. अंगण सरळ करून देणारा माणूस शेजारी असल्यावर कोणाला तक्रारीला जागा नव्हती.

गेल्या एप्रिलमध्ये क्लबने नवीन प्रशिक्षक आणला, स्ट्रुअन म्हणून. तिशीतला, सभ्य पोरगा. त्याने काठ्या मोजायचं नवं यंत्र आणलं आणि एबीला कौतुकाने बघायला बोलावलं. एबीने नुकतीच पन्नास अंशांवर बसवलेली काठी त्यात लावली. यंत्राने बावन्न दाखवले.

"तुझं यंत्र चुकतंय," एबी म्हणाला.

स्ट्रुअनने कारखान्यातून आलेला पक्क्या कोनाचा नमुन्याचा तुकडा लावून दाखवला. यंत्र बरोबर होतं. एबीने शेडमधून पितळी माप आणलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. चाळीस वर्षं ओट्यावर घासून त्याचा खालचा पाय एका बाजूने झिजला होता. इतका हळूहळू की रोज हातात घेणाऱ्यालाच कळलं नाही.

"म्हणजे आपलं अख्खं गाव दोन अंश चुकलंय?" मी विचारलं. मला गंमत वाटत होती.

"गावाला काही झालेलं नाही," स्ट्रुअन म्हणाला. "यांनी प्रत्येकाच्या सगळ्या काठ्या याच मापाने बसवल्यात. सगळ्या सारख्याच सरकल्या, मधलं अंतर तेच राहिलं. आकडे खोटे, पण चेंडू बरोबर पडतात."

मी हसलो. एबी हसला नाही. त्याने माप खिशात घातलं, शेडला कुलूप लावलं आणि घरी गेला. सकाळी अकरा वाजता. चार दिवस शेड उघडली नाही. पाचव्या दिवशी तो माझ्या खोपट्यात येऊन बसला.

"डॉड, नेटीच्या पिशवीत पिचिंग वेज मी मोजली नव्हती."

मला लगेच कळलं. पिटकॅरनमध्ये कोणालाही कळलं असतं.

नेटी इम्री बंदरावर हॅडॉक माशांना धुरी देते. सात वर्षांपूर्वी ती परगण्याच्या अंतिम सामन्यात पोचली, तीही आपल्याच माळावर. आमच्या गावातून तिच्याआधी कोणी तिथवर गेलं नव्हतं. त्या वर्षी तिने नव्या आयर्न घेतल्या होत्या. खोक्यातल्या कागदावर पिचिंग वेज चव्वेचाळीस अंश लिहिलं होतं. तिची सँड वेज एबीच्या मापाने छप्पनची. मधली पन्नास करायची, म्हणजे सहा-सहाचं अंतर. सामना शनिवारी, आणि ती आली गुरुवारी, मासळीचा वास घेऊन, घाईत. कागदावर आकडा होता, म्हणून एबीने पिचिंग वेज मोजली नाही. आणि त्या दुपारी समुद्रावरून असं धुकं आलं की मारलेला चेंडू कुठे पडतो ते दिसेना, म्हणून दहा चेंडूही राहिले. "पंच्याण्णव यार्ड जाईल," एबीने तिला सांगितलं. "डोळे झाकून मार."

शनिवारी अठराव्या होलवर दोघी बरोबरीत होत्या. नेटीचा चेंडू ओढ्याच्या अलीकडे, होलच्या झेंड्यापासून पंच्याण्णव यार्डांवर. तोवर तिने ती मधली वेज एकदाही काढली नव्हती, आता काढली. तिने मारला तो फटका मी पाहिला होता, सरळ झेंड्याच्या रोखाने गेला आणि पाच यार्ड अलीकडे ओढ्यात पडला. सामना गेला. ती सगळ्यांशी हात मिळवून म्हणाली, "माझा हात थरथरला." त्यानंतर ती कुठल्याच स्पर्धेत उतरली नाही. रविवारी नऊ होल खेळते आणि तेवढ्या अंतरावरून चेंडू आठ नंबरच्या काठीने जमिनीवरून घरंगळवत नेते.

'नेटीचा हात थरथरतो' हे वाक्य गावात मी पसरवलं. पबमध्ये किती वेळा सांगितलं असेल, मोजदाद नाही. अंगण वाकडं हे तर मी तिच्या तोंडावर म्हणालो होतो. एबी माझ्यासमोर बसला होता आणि मला त्याच्याहून जास्त लाज वाटत होती.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "एकटा गेलो तर हवापाण्याचं बोलून परत येईन."

नेटी धुराच्या खोलीबाहेर मासे सळयांवर ओवत होती. एबीने सगळं सांगितलं, माप, कागद, धुकं, दहा चेंडू. एकही सबब सांगितली नाही. ती ओवत राहिली. सळई भरल्यावर तिने ती बाजूला ठेवली.

"काठी गाडीत आहे," ती म्हणाली. "त्या दिवसापासून हात लावला नाही."

आम्ही तिघं स्ट्रुअनकडे गेलो. पिचिंग वेज चव्वेचाळीस, कागदावर होती तशीच. मधली बावन्न, म्हणजे सहाऐवजी आठ अंशांचं भगदाड. नेटीने आकडा वाचला.

"दोन अंशांचे पाच यार्ड?" तिने विचारलं.

"साधारण पाच," स्ट्रुअन म्हणाला.

"सात वर्षं मी चहाचा कप धरला तरी हाताकडे बघते, एबी. आईला औषध देताना, सुरी धरताना. आणि तू आता येऊन सांगतोस."

"मला आता कळलं."

"ते धुक्याचं, दहा चेंडू राहिल्याचं, तुला तेव्हाच माहीत होतं."

ते त्याला तेव्हापासून माहीत होतंच.

"मला एकटीला सांगून भागणार नाही," ती म्हणाली. "गावाला सांग."

दुसऱ्या दिवशी पहाटेच एबी माझ्या खोपट्याशी उभा होता. वाऱ्याची दिशा लिहायचा माझा फळा आहे, त्यासाठी खडू मागत होता.

"लिहिलंस तर तुझ्याकडे काठी घेऊन कोण येईल?" मी म्हणालो. "चाळीस वर्षांचं नाव आहे तुझं."

"खडू दे."

त्याने मोठ्या, सरळ अक्षरांत लिहिलं: 'सात वर्षांपूर्वी अठराव्यावर नेटी इम्रीने मारलेला फटका बरोबर होता. काठी चुकीची होती. ती मी बसवली आणि तपासली नाही. ए. टॉश.' त्याखाली मी माझं नाव घालून लिहिलं की हात थरथरल्याचं मी पसरवलं होतं. एबीने वाचलं आणि शेड उघडायला गेला.

त्या दिवशी खेळायला आलेला प्रत्येक जण फळ्यापुढे थांबला. शेडकडे कोणी वळलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी नेटी आली आणि तिने अख्खी पिशवी एबीच्या ओट्यावर रिकामी केली.

"सगळ्या मोज. त्या पोराच्या यंत्रावर. मधली पन्नास कर. आणि आज धुकं नाही."

एबीने तिन्ही वेज नव्याने बसवल्या, एकेक अंश करत. मग आम्ही अठराव्यावर गेलो. नेटीने पंच्याण्णव यार्डांच्या खुणेच्या दगडाशी दहा चेंडू ओतले. एबी ओढा ओलांडून झेंड्यापाशी जाऊन उभा राहिला, पावलं मोजायला. मी कुठे उभं राहावं ते न कळून तिच्या मागे राहिलो.

तिने पहिला चेंडू मारला. ओढ्यावरून गेला, हिरवळीवर पडला, थोडा पुढे सरकून झेंड्याजवळ थांबला. पलीकडून एबीने हात वर केला.

"तेव्हाही असाच मारला होता," नेटी म्हणाली. माझ्याकडे वळून, मला ऐकू जाईल असं.

"हो," मी म्हणालो. "मी पाहिला होता."

तिने काठीने दुसरा चेंडू पुढे ओढला. अजून नऊ होते.