रविवारची बिनपगारी ड्यूटी

"हात सोडू नका. आता ढुंगण उचला. सरका!"

दत्ताराम पलंगावरून सरकला आणि धपकन व्हीलचेअरमध्ये बसला. मी त्याला बोटही लावलं नव्हतं. त्याची बायको सुगंधा दारात उभी होती. आत जाऊन तिने चहा ठेवला.

याला आम्ही 'ट्रान्सफर' म्हणतो. पाय लुळे असलेल्या माणसाने हातांच्या जोरावर एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं. पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये एक गुळगुळीत फळी ठेवायची आणि तिच्यावरून सरकायचं. ऐकायला सोपं वाटतं. दत्तारामला त्यासाठी अख्खा हिवाळा लागला होता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रत्नागिरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नोकरी करते. दत्ताराम मालगुंडच्या आतल्या बाजूच्या एका वाडीतला. आंबे उतरवताना कलमावरून पडला, मणका मोडला आणि कमरेखालची हालचाल गेली. संवेदनाही गेली. आमच्याकडे ऑपरेशन झालं आणि डिस्चार्ज मिळाला. एवढ्या लांबून रोज ओपीडीत कोण आणणार? एक सेवाभावी संस्था अशा पेशंटच्या घरी माणूस पाठवायची. मी त्यांना रविवार दिला.

खरं सांगायचं तर आठवडाभर मी त्या रविवारची वाट बघायची. हॉस्पिटलात एकेका पेशंटला मोजकी मिनिटं मिळतात. मशीन लावायचं, व्यायाम सांगायचे, पुढचा. तिथेही माणसं बरी होतात, आनंद होतो. पण दत्ताराम फळीवरून सरकला त्या दिवशी स्कूटरवरून घरी येताना मी मोठ्याने गात होते.

पुढे हॉस्पिटलने रविवारची ओपीडी सुरू केली. हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सर, रविवारी मी वाडीवर जाते. तुम्हाला माहीत आहे."

"चांगलंच काम आहे. पण ते तुमचं पर्सनल झालं ना, मॅडम? ड्यूटी सगळ्यांना सारखी."

"एक रविवार आड चालेल?"

"मग बाकीचेही मागतील."

घरी मी एकटी कमावती. नोकरी सोडणं शक्य नव्हतं. संस्थेच्या सेक्रेटरींना फोन केला. "अजिबात काळजी करू नका, दुसरी फिजिओ आहे आमच्याकडे," ते म्हणाले. ती लांबची, सावर्ड्याची होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. बेडसोरचं तर पुन्हापुन्हा. बेडसोर म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम. आपल्याला टोचलं की आपण नकळत कूस बदलतो. दत्तारामला टोचलेलं कळतच नाही. म्हणून खुर्चीत बसल्यावर त्याने थोड्या थोड्या वेळाने हातांवर अंग उचलून धरायचं आणि त्याची कातडी दुसऱ्या कोणीतरी रोज बघायची.

माझे रविवार ओपीडीत जायला लागले. एक रिटायर्ड गृहस्थ मानेला शेक घ्यायचे आणि तेवढा वेळ मोबाईलवर बातम्या ऐकायचे. त्यांची मान दुखत होती हे खरंच. पण माझं लक्ष घड्याळाकडे असायचं.

ऐन पावसाळ्यात कॅज्युअल्टीतून बोलावणं आलं. दत्ताराम तापाने फणफणला होता. त्याला कुशीवर वळवलं आणि वासावरूनच कळलं. बसण्याच्या हाडापाशी जखम होती. वरून लहान, आतून थेट हाडापर्यंत.

सुगंधाला बाहेर बाकावर बसवून मी विचारलं, "वहिनी, नवीन मॅडम येत नव्हत्या का?"

"दोनदा आल्या. मंग नाय आल्या. पाऊस किती पडला, बघितलात ना."

सावर्ड्याहून येणं झेपत नाही असं त्या मुलीने संस्थेला कळवलं होतं. संस्थेला वाटलं, तिने मला सांगितलं असेल आणि मीच बघतेय. मला वाटलं, ती बघतेय.

"आणि हे दिवसभर कुठे असायचे?"

"खुर्चीत. भाताच्या लावणीला मजुरीवर जायचे मी. सकाळी हे आपले आपण खुर्चीत बसायचे. परत वर चढायला नाय जमायचं. मी आले की चढवायचे. उजेड गेलेला असायचा, मंग कातडी कुठली दिसतेय?"

पलंग खुर्चीपेक्षा उंच होता. उतरायला तो शिकला होता. चढणं मी पुढे शिकवणार होते.

"अंग उचलून धरायचे का अधूनमधून?"

"पयले धरायचे. मंग कटाळले."

"मला एक फोन का नाही केलात, वहिनी? नंबर होता ना तुमच्याकडे?"

ती म्हणाली, "तुमी फुकट येत होतात, मॅडम. पैशे दिले असते, तर भांडले असते. फुकट येणाऱ्या माणसाला 'का नाय आलात' असं कुठल्या तोंडाने विचारायचं?"

जखमेचं ऑपरेशन झालं. दत्ताराम बरेच दिवस पालथा पडून होता. तो आता माझ्या वॉर्डातला, रीतसर ड्यूटीतला पेशंट होता. डॉक्टरसाहेब राउंडला येऊन म्हणाले, "मॅडम, याच्याकडे जरा नीट लक्ष द्या हं." मी "हो सर" म्हटलं.

जखम भरली, तो घरी गेला. दंडातली ताकद मात्र उतरली होती. संस्थेने आता तो भाग बंद केलाय. मी रविवारची ओपीडी आटपून, जमेल तेव्हा दुपारी जाते. पलंगाचे पाय सुताराकडून कापून तो खुर्चीच्या उंचीचा करून घेतला. फळी लावली की दत्ताराम भिंतीकडे तोंड करतो. "नको, मॅडम. हितंच बराय." मग मी त्याची कातडी तपासते, पायांचे सांधे हलवते आणि निघते.

आता कोणाच्याही घरी सेवा म्हणून गेले, की पहिल्याच दिवशी सांगते, मी आले नाही तर फोन करून शिव्या घालायच्या. सगळे हसतात. नोकरीला एक दिवस उशीर झाला तर एचआरचा फोन येतो. या घरांतून अजून एकाचाही आलेला नाही.