अनसामावशीच्या छातीचा फोटो

जालन्यात अनसामावशीच्या खानावळीत पहिल्यांदा जेवायला बसलो, तेव्हा दोन भाकऱ्यांवरच मी पुरे म्हणालो. तिनं तिसरी ताटात टाकली. "तुमच्या गावाकडं, तीर्थपुरीत जेवायची पद्धत न्हाई का? का कालेजात नाव घातलं की पोट बारीक होतं?"

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. परीक्षेच्या दिवसांत माझं ताट मावशी खोलीवर आणून द्यायची. अर्थात गुपचूप नाही. "सरका, सरका, डाक्टरसाहेब वाचून राह्यले!" असं साऱ्या गल्लीला कळवत यायची.

मी डॉक्टर झालो नाही. पुण्यातल्या एका दवाखान्यात तंत्रज्ञ झालो. दम्याचं औषध ओढल्यावर ते फुप्फुसात नेमकं कुठं बसतं, याचे फोटो आम्ही काढायचो. फवाऱ्यात किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळलेलं असे; औषध जिथं पोचेल तेवढा भाग पडद्यावर उजळायचा.

त्याच काळात मावशीचा दमा बळावला. दम्याच्या औषधाचा पंप चालू असूनही दोन भाकऱ्या थापल्या की ती भिंतीला टेकायची. टोमणासुद्धा अर्ध्यावर तुटायचा. हे फार वाईट लक्षण होतं. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडत नाही, खानावळ बंद करा. शहागडला राहणाऱ्या तिच्या मुलानं तर ओसरीवर खाटही टाकून ठेवली.

"खाटंवर बसून काय करू? हायवेच्या ट्रका मोजू?" मावशी धापा टाकत म्हणाली. आमच्या डॉक्टरांना विचारून मी तिला पुण्याला आणलं.

"रोज घेता तसंच घ्या," डॉक्टर म्हणाले. मावशीनं सराईतपणे फवारा मारला, तोंड गच्च मिटलं. पडद्यावर तोंड उजळलं, गळा उजळला, पोटात तर दिवाळी. फुप्फुसं मात्र अंधारात.

"मावशी, तू औषध गिळतेस?"

"मंग थुंकू? वरून घोटभर पाणीबी पिते बराबर. तोंडात दिलेलं वाया घालायची सवय तुम्हा पोरांना."

फवाऱ्यासोबत श्वास आत ओढायचा आणि थोडा वेळ रोखून धरायचा, असं डॉक्टरांनी शिकवलं. म्हणजे तेवढा वेळ गप्प राहायचं. इथंच सगळं अडलं. श्वास रोखल्या रोखल्या ती म्हणाली, "ह्यो डाक्टर किती वाळला रे! याला कोण जेवू घालतं?" औषध शब्दांसोबत बाहेर.

रिकाम्या पंपावर दोन दिवस सराव झाला. मग दुसरा फोटो. या खेपेला दोन्ही फुप्फुसं हळूहळू उजळली. मावशी पडद्याकडे बघतच राहिली.

"एवढी जागा रिकामी पडल्ती व्हय? मला आधी सांगायचं की रे. आणखी चार पोरं बसली असती."

दीड-दोन महिन्यांनी जालन्याला गेलो. खानावळ भरलेली होती. मावशी आता आभार वगैरे मानेल, या आशेनं मी पंगतीत बसलो.

"बघा रे पोरांनो," ती तव्यापासूनच ओरडली, "तीन वर्षं याला खाऊ घातलं, शिकून मोठा झाला, अन् मला पुण्याला नेऊन काय शिकवलं यानं, तर गप बसायला!"

सगळी पंगत हसली. एवढं लांब वाक्य, आणि ती कुठंही थांबली नव्हती. मी मान खाली घालून जेवत राहिलो. डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून.