रुसलेल्या फायली आणि माझे थोरले साडू

एक्सेलची फाइल नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढेना झाली, तर ती चढवू शकणारा माणूस जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत एकच होता, आणि ते माझे थोरले साडू, आमचे भाऊ होते, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. सरकारी नकाशा विभागातून निवृत्त होऊन ते जळगावला राहत. मी धुळ्यात एका लहान संस्थेत पाणीटंचाईचे नकाशे करतो. फाइल अडली की मी फोन करायचा आणि त्यांनी म्हणायचं, “फोनवरून समजूत निघत नाही पाहुणे, येतो.” सकाळच्या एसटीनं ते केळ्यांची फणी घेऊन यायचे आणि सगळ्यांची केळी खाऊन झाल्याशिवाय कॉम्प्युटर सुरू करू द्यायचे नाहीत. फाइल बिघडली असं कोणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. फाइल बिघडत नाही, रुसते, आणि मान राहून गेल्याशिवाय कोणी रुसत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. या विषयात त्यांचा अधिकारही मोठा. जामनेरला माझ्या लग्नात टॉवेल-टोपी देताना त्यांचं नाव राहून गेलं, तेव्हा ते थेट एसटी स्टँडवर जाऊन बसले होते.

आमच्या फायलींत पहिल्या ओळीत संस्थेचं नाव, दुसरीत बोधवाक्य, तिसरीत तालुका, आणि मग कुठेतरी विहिरी सुरू व्हायच्या. “नवरदेवाच्या आधी बँडवालेच मांडवात घुसलेत,” असं म्हणत ते वरच्या ओळी उडवायचे. एकदा पहूरच्या सगळ्या विहिरी उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडल्या. मला घाम फुटला. त्यांनी सावकाश केळं संपवलं. “अक्षांशाच्या जागी रेखांश गेलाय. लवकर बदला, पाण्याला गेलेल्या बाया कुडकुडत असतील.”

मी मात्र उतावळा माणूस. काम हातावेगळं झालं की सुटलो असं मला वाटतं, आणि मग रात्री त्याचीच टोचणी लागते. त्या उन्हाळ्यात साक्रीकडच्या पाड्यांचा नकाशा द्यायचा होता. दुसऱ्या दिवशी त्यावरून टँकरची यादी ठरणार होती. नकाशावर ठिपका नाही त्या पाड्याला टँकर नाही. भाऊंनी फाइल चढवली, ठिपके उमटले आणि खाली बारीक अक्षरांत सूचना आली, एक ओळ वगळली.

“एकच तर आहे भाऊ,” मी म्हणालो, “पाठवून देऊ.”

“कोण राहिलं?” त्यांनी विचारलं.

शोधलं. सर्वेक्षणाला गेलेल्या आमच्या माणसाचा मोबाइल त्या पाड्यावर बंद पडला होता, म्हणून अक्षांशाच्या रकान्यात त्यानं ‘डोंगरामागं, जांभळीजवळ’ असं लिहून ठेवलं होतं. तिथं आकडा नाही म्हणून सॉफ्टवेअरनं अख्खा पाडा सोडून दिला. पुढे एक फोन नंबर होता. भाऊंनी लावला. एका म्हाताऱ्या अक्कांनी उचलला.

“आम्हना पाडा बठ्ठास्ले माहीत शे,” त्या म्हणाल्या. त्यांच्या मते त्यांचा पाडा सगळ्यांनाच ठाऊक होता.

“मोबाइलवरून जागा पाठवता येईल का, अक्का?”

“मोबाइल साधा शे, भाऊ. तुम्हीच या.”

भाऊ उठलेच. मी उन्हाचं आणि त्यांच्या गुडघ्यांचं निमित्त काढलं. रुमाल डोक्याला बांधत ते म्हणाले, “माझं नाव राहिलं तेव्हा मला निदान रुसता आलं, पाहुणे. या ओळीनं कोणावर रुसायचं?”

पाड्याखाली मोटरसायकल लावून आम्ही चढलो. कोरड्या विहिरीच्या काठावर ते मोबाइल धरून आकडे स्थिर होईपर्यंत उभे राहिले आणि शेजारी उभ्या अक्कांना म्हणाले, “हलू नका, तुम्ही आता नकाशात येताय.” अक्का तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांनी दिलेल्या अर्ध्या तांब्यातलं पाणी भाऊंनी घोटभरच घेतलं आणि तांब्या परत केला. येताना ते माझ्या पाठीवर डोकं टेकून झोपले. मी गाडी इतकी हळू चालवली की धुळ्यात पोचेपर्यंत दिवे लागले. ऑफिससमोर जाग येताच म्हणाले, “आधी ठिपका टाका, मग चहा.” दुसऱ्या दिवशी यादीत पाड्याचं नाव होतं. टँकर गेला.

आता भाऊ नाहीत. दर उन्हाळ्यात एखादी ओळ वगळली जातेच, आणि मी एकटाच गाडी काढतो. मागची सीट रिकामी असल्यानं गाडी डोंगराच्या चढावर सहज चढते. तेच मला आवडत नाही.