बॉनेटवरची थाप

विम्याचा माणूस सारसोळे गावचा. दरवर्षी पॉलिसी रिन्यू करायला आला की आधी माझ्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारून तिलाच विचारायचा, “काय गो बाय, बरी हाय ना?” मग उत्तराची वाट न बघता फोटो काढायचा.

पन्नाशीत गाडी शिकताना सोसायटीचं गेट पाडणारी मी शहाणी तेव्हा ऐटीत म्हणायची, “म्हातारपणी मुलाच्या दारात बसणार नाही!”

यंदा तो म्हणाला, “आजी, घर सोडताय ना? नवा पत्ता बोला.”

मी वृद्धाश्रमाचा पत्ता सांगितला. बघा, शब्दाची किती पक्की!

“तिकडं गाडी ठेवू देतात?”

“नाही. तरी विमा काढ.”

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “काय गो बाय, बरी हाय ना?”

या वेळी तो उत्तरासाठी थांबला. मी गाडीसारखीच गप्प उभी राहिले.