बाहेरची कडी

नामांतराच्या दंगलीत गावातलं घर जळालं, म्हणून गयाबाई आणि तिचा नवरा कचरू औरंगाबादला आले. कचरू चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागला. भाड्याच्या खोलीत पाऊल टाकताच गयाबाईनं दाराची बाहेरची कडी उपटून टाकली. का, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

पुढं इथंच जन्मलेली शोभा शाळेत जाऊ लागली. वर्गाचं दार लावलं की ती रडत बाहेर पळायची. शेवटी बाईंनी गयाबाईला बोलावून घेतलं.

घरी परतताना शोभानं विचारलं, "आई, दार लावलं की तू पण भितीस. काय होतं गं?"

गयाबाई रस्त्याच्या कडेलाच बसली. "तुला एक भाऊ व्हता, मिलिंद. घर पेटवताना त्यांनी बाहेरून कडी लावली. मी पाण्याला गेले व्हते."

"तो लई रडला का?"

"व्हय. पळत येताना मला ऐकू येत व्हतं."

शोभानं आईचा हात धरला.

हळूहळू शोभा वर्गात बसू लागली, नजर मात्र दाराकडंच असायची. घरात आता मिलिंदचं नाव निघायचं. ते निघालं की कचरू उठून बाहेर जायचा. एकदा मात्र तो बसून राहिला आणि म्हणाला, "त्याला गूळ लई आवडायचा."